मर्काउस्कीबाईंचं पुस्तक आणि तुझी इलेक्शन

मनू,

पॅनलने नाव कापलं तर एकटी उभी राहू का असं तू विचारलंस, ते डोक्यातून जातच नाहीये, कारण मी सध्या नेमकं अमेरिकेतल्या अलास्का राज्याच्या सिनेटर लिसा मर्काउस्की यांचं आत्मचरित्र वाचतेय.

२०१० च्या ऑगस्टमध्ये या बाई स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, जो मिलर नावाच्या माणसाकडून साधारण दोन हजार मतांनी हरल्या. पदावर असलेली सिनेटर आणि पक्षातच हरली! पण सप्टेंबरमध्ये त्यांनी ठरवलं की राइट-इन लढायचं, म्हणजे बॅलटवर नाव छापलेलंच नाही, मतदाराने रिकाम्या ओळीत स्वतःच्या हाताने नाव लिहायचं आणि शेजारचा गोल पण काळा करायचा. आपल्याकडे अपक्षाला निदान चिन्ह तरी मिळतं गं. इथे काहीच नाही, आणि आडनाव असलं की भलेभले स्पेलिंगला अडखळतील. मग मनगटात घालायचे बँड वाटले, त्यावर नाव आणि काळा केलेला गोल, टीव्हीवरच्या जाहिरातीतून लोकांना स्पेलिंग शिकवलं, आणि हे सगळं अशा राज्यात जिथे कितीतरी गावांना रस्ताच नाही, विमानाने नाहीतर बोटीने जावं लागतं. पक्ष मिलरच्या मागे गेला, सिनेटमधलं पक्षनेतृत्वातलं पद त्यांना सोडावं लागलं.

नोव्हेंबरमध्ये जुनोला, म्हणजे अलास्काच्या राजधानीत, एकेक मतपत्रिका हातात घेऊन मोजली, मिलरची माणसं शेजारी बसून एखादं अक्षर चुकलं की हरकत घेत होती, अशा हजारो हरकती झाल्या. प्रकरण अलास्काच्या सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने सांगितलं की मतदाराला कोण हवंय हे कळतंय ना, मग स्पेलिंग चुकलं तरी मत धरायचं. दहा हजारांहून जास्त मतांनी बाई आल्या. सिनेटवर असं राइट-इनने निवडून येणं, १९५४ मध्ये असेच जिंकलेल्या स्ट्रॉम थर्मंडनंतर पहिल्यांदाच घडलं.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे लिहिणारे लोक. बटण दाबून मोकळं व्हायचं नाही, एक लाखाच्या वर माणसांनी पेन धरून एका बाईचं नाव अक्षर अक्षर लिहिलं, चुकत माकत लिहिलं, पण लिहिलं.

पण एक सांगते, त्यांना एकटी लढलेली बाई समजू नकोस. २००२ मध्ये वडील गव्हर्नर झाले आणि आपली सिनेटमधली रिकामी झालेली सीट त्यांनीच मुलीला दिली, आठ वर्षं पदावर होत्या, तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्था पैसा आणि माणसं घेऊन पाठीशी उभ्या राहिल्या. पक्ष गेला तरी कामातून जोडलेली माणसं राहिली, म्हणून जमलं.

म्हणून तुला विचारते, गेल्या दोन वर्षांत तू ज्यांची कामं केलीस, हॉस्टेलच्या पाण्यासाठी भांडलीस, त्यातले कितीजण पॅनल नसताना तुझ्यासाठी दारोदार फिरतील? नावं लिहून काढ आणि मला पाठव. यादी बघून बोलू, फॉर्म भरायच्या आधी. आणि काहीही ठरव, मी तुझ्या बाजूने आहे.

तुझी,
आई