बेडूक कुठे गेले ते खाचरात येऊन बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली बेडकांचा आवाज कमी झाल्याची बातमी दोनदा वाचली. लांबलेला पाऊस, वाढलेली उष्णता, रस्त्यावर गाड्यांखाली येणारे बेडूक, सगळी कारणं आली. कीटकनाशक हा शब्द एकदाही आला नाही. बातमी लिहिणाऱ्याने आमच्याकडच्या एखाद्या बांधावर अर्धा तास काढला असता, तर तो शब्द पहिल्याच ओळीत आला असता. त्याच अंकात शेतीच्या पानावर भातावरच्या खोडकिड्यासाठी दाणेदार औषध किती टाकायचं ते छापलं आहे. औषध टाकल्यावर चार-पाच दिवस खाचराचं पाणी खाली सोडू नका, एवढं एक वाक्य तिथे हवं होतं. ते नाही, म्हणून हे पत्र.

२०१९ च्या श्रावणातली गोष्ट. आमची खाचरं उतरणीला आहेत, वरच्याचं पाणी खालच्यात येतं आणि तिथून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जातं. वरचं खाचर भावकीतल्याच एकाचं. त्याने संध्याकाळी कार्बोफ्युरान या कीटकनाशकाचे दाणे टाकले, रात्री जोराचा पाऊस झाला, बांध फुटला. सकाळी मी पाणी बघायला गेलो तर माझ्या खाचरात बेडूकमासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मोजायला गेलो आणि सोडून दिलं. मोठे बेडूक मेलेले नव्हते, ते जास्त वाईट होतं. मागचे पाय ताणलेले, अंगाला सारखी थरथर, हात लावला तरी उडी मारता येत नव्हती. बिळांतून बाहेर आलेले खेकडे तसेच पडले होते. दुपारी बांधावर एक ढोकरी (तळ्याकाठचा बगळा) पंख पसरून मेलेली मिळाली, चोचीत बेडूक. दुसऱ्या दिवशी पऱ्याच्या काठाला एक दिवड, पाण्यातला साप, मेलेला. वीस वर्षं त्या शेतात मी रोज जातो, असं कधी पाहिलं नव्हतं.

मी त्याला विचारलं तर म्हणाला, “तात्या, दुकानदाराने दिलं ते टाकलं. खोडकिड्याने भात गेला तर खायचं काय?” त्याच्यावर मी रागावू शकलो नाही, आजही रागावत नाही. पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी, लाल त्रिकोण म्हणजे जहाल विष, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि आपण सगळे त्याला औषध म्हणतो. औषध म्हटल्यावर माणूस उघड्या हाताने टाकणारच. मी मेलेली ढोकरी पिशवीत घालून तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात नेली. तिथे मला सातबारा आणायला सांगितलं. सातबारा घेऊन परत गेलो तर साहेब दौऱ्यावर, आणि पक्षी कुजला होता.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने शोषतो. श्वाससुद्धा बराचसा कातडीतूनच घेतो. म्हणजे खाचरात जे विरघळलं ते थेट त्याच्या रक्तात. कार्बोफ्युरान, क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी विषं किडीच्या मज्जातंतूंमधलं जे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, तेच विकर बेडकात आहे, पक्ष्यात आहे, आपल्यात आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा तुमच्याच पहिल्या पानावर आठवडाभर मथळे होते. त्याच शेतांच्या कडेला काय काय मेलं असेल, हे तेव्हाही कुणी लिहिलं नाही. कार्बोफ्युरानचा एक दाणा चिमणीएवढ्या पक्ष्याला पुरतो. २०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी बेडकांच्या पिल्लांवर सात कीडनाशकं, तणनाशकं आणि बुरशीनाशकं शिफारशीच्याच मात्रेत फवारून पाहिली. सात दिवसांत ४० ते १०० टक्के पिल्लं मेली. शिफारशीच्या मात्रेत, हे कृपया लक्षात घ्या. आमच्याकडे मात्रा हाताच्या अंदाजाने ठरते.

१९८७ साली आपल्या देशाने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. बेडूक शेतातली कीड खातो, तो गेला तर फवारणी वाढेल, हे तेव्हा दिल्लीला पटलं होतं. आता परदेशात कुणी पाय नेत नाही, आपणच खाचरात त्यांना संपवतो आणि मग वाढलेल्या किडीसाठी आणखी एक पाकीट आणतो. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले तर खोडकिड्याची बरीच अंडी तिथेच जातात, हे माझ्या आईला माहीत होतं. किडीची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रकीटकांची ट्रायकोकार्ड आता मिळतात. हे शेतीच्या पानावर छापा ना, दर आठवड्याला छापा.

आणखी एक. बातमीसोबत लाल डोळ्यांचा, हिरव्या अंगाचा जो बेडूक छापला आहे, तो मध्य अमेरिकेतल्या जंगलातला आहे. आंबोलीच्या पठारावर पट्ट्यापट्ट्यांचा एक टोड आहे, २००९ साली जगाला माहीत झाला, जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही. मृगाच्या पावसात आमच्याकडे पिवळेधमक नर बेडूक पाण्यात येतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. ते तुमच्या वाचकांच्या नातवंडांनी पाहिलेले नाहीत. आमच्या बेडकांच्या बातमीत त्यांचाच फोटो नसावा, याचं मला फार वाईट वाटलं.

यंदा पहिल्या पावसाला रात्री अकरापर्यंत मी ओटीवर बसलो होतो. पऱ्याच्या पलीकडे एक खाचर मुंबईवाल्यांचं, दहा वर्षं पडीक, तिथे कुणी काही टाकत नाही. आवाज फक्त तिथून आला. छायाचित्रकाराला पुढच्या मृगात पाठवा, बॅटरी घेऊन मी सोबत येईन.

आपला,
एक भातशेतकरी, लांजा तालुका, जि. रत्नागिरी