हेलिकॉप्टरसोबत परिचारिकाही तयार करा

‘दुर्गम भागासाठी हवाई रुग्णवाहिका हवी’ हा आपल्या अंकातील लेख वाचला. मागणी रास्त आहे. पावसाळ्यात भामरागडसारखा तालुका पुराने तुटतो, तेव्हा आकाशाखेरीज वाट उरत नाही. ऋषिकेशच्या एम्सची ‘संजीवनी’ हेली-रुग्णवाहिका २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हापासून अशा सेवेची चर्चा वाढली आहे. पण ती चर्चा बहुधा यंत्र आणि खर्च यांपाशीच थांबते. आत रुग्णाशेजारी कोण बसणार?

वॉर्डातली उत्तम परिचारिकाही विमानात आपोआप सक्षम ठरत नाही. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब आठ हजार फूट उंचीइतका विरळ असू शकतो. तेवढ्या उंचीवर अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. छातीच्या पोकळीत थोडी हवा साठलेला अपघातग्रस्त जमिनीवर स्थिर वाटतो, वर गेल्यावर मात्र त्याचा श्वास कोंडू शकतो. म्हणून ती हवा उड्डाणाआधीच काढावी लागते. श्वासनलिकेतील नळीच्या फुग्याचा दाबही तपासत राहावा लागतो. हेलिकॉप्टरच्या आवाजात तर स्टेथोस्कोप जवळपास निरुपयोगी! तिथे मॉनिटर आणि रुग्णाचा चेहराच वाचावा लागतो.

बेंगळुरूच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेकडे या विषयाचा दीर्घ अनुभव आहे. तिच्या मदतीने १०८ सेवेतील आणि जिल्हा रुग्णालयांतील निवडक कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हेलिकॉप्टरची निविदा निघण्यापूर्वीच सुरू करावे आणि ते दरवर्षी पुन्हा द्यावे.

– एक निवृत्त परिचारिका, चंद्रपूर