निळा डाग काढताना सोफाच उतरतो आहे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील घरगुती उपायांच्या सदरात, पांढऱ्या लेदर सोफ्यावर बसलेला जीन्सचा निळा डाग टूथपेस्टने काढावा, नाहीच गेला तर नेलपॉलिश रिमूव्हरने पुसावा, असे छापून आले. हाच उपाय व्हॉट्सॲपवरही फिरतो आहे. ज्यांनी अजून सोफ्याला हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे पत्र.

टूथपेस्टने डाग जातो, हे खोटे नाही. तो कसा जातो, तेवढे समजून घ्यावे. टूथपेस्टमध्ये खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड असते. सोफ्याच्या चामड्यावर रंगाचा थर आणि त्यावर केसापेक्षाही पातळ असा पारदर्शक टॉप कोट असतो. निळा रंग बसतो तो या टॉप कोटमध्ये. घासले की टॉप कोट झिजतो आणि त्याच्यासोबत डागही निघतो. रात्री ट्यूबलाइटखाली सगळे छान दिसते. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की तेवढ्याच जागी चमक गेलेला चट्टा उठून दिसतो. पुढे जीन्सचा रंग सर्वांत आधी धरते ती हीच जागा, कारण तिथे त्याला अडवायला काही उरलेले नसते. ‘मॅजिक स्पंज’ नावाने मिळणारा पांढरा स्पंजही हेच करतो. तो म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपरच.

नेलपॉलिश रिमूव्हर त्याहून वाईट. त्यातले ॲसिटोन टॉप कोट तर विरघळवतेच, शिवाय खालच्या रंगालाही हात घालते. थिनर आणि पेट्रोल त्याच माळेतले. हँड सॅनिटायझर सौम्य वाटतो, पण त्यात साधारण सत्तर टक्के अल्कोहोल असते. हातावर ठीक, सोफ्याच्या हातावर नाही. ब्लीचची गंमत वेगळीच. ब्लीचने इंडिगोचे, म्हणजे जीन्सच्या निळ्या रंगाचे, ऑक्सिडेशन होऊन आयसॅटिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो, म्हणजे निळा डाग जाऊन पिवळा येतो आणि चामडे खराब होते ते वेगळेच. कपड्यांच्या पावडरीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, १० च्या आसपास, चामड्याचा ४ च्या जवळपास; पावडरीच्या पाण्याने चामड्यातले तेल निघते आणि काही महिन्यांत बसायच्या जागी भेगा पडतात. आपल्या नागपुरात कुणी संत्र्याची साल चोळायलाही सांगते. सालीच्या तेलात बहुतांश लिमोनिन असते आणि ते चांगले विद्रावक आहे, म्हणून निळा रंग थोडा हलतो हे खरे. पण त्याने टॉप कोटही मऊ पडतो आणि चिकटपणा राहतो, मग त्यावर धूळ बसते. संत्री खावीत.

आता मुळात हा रंग का लागतो? जीन्सचा इंडिगो पाण्यात विरघळत नाही. रंगवताना त्याचे रासायनिक रूप बदलून तो सुतावर चढवतात आणि हवा लागली की तो पुन्हा मूळ रूपात येऊन सुताच्या बाहेरच्या भागात अडकून बसतो. जीन्सचा धागा मोडून पाहिला तर आत पांढरा दिसतो तो यामुळेच. सुताशी त्याचे घट्ट नाते नसल्याने घर्षणाने तो सुटतो, आणि कापड ओले असेल तर जास्त सुटतो. कापडाचा रंग चोळल्यावर किती सुटतो हे मोजायची आयएसओ १०५-एक्स१२ ही चाचणी कोरड्या आणि ओल्या अशा दोन्ही फडक्यांनी करतात. गडद जीन्स ओल्या चाचणीत हमखास कमी गुण घेते. नवी जीन्स रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायची पद्धत घरोघरी आहे. इंडिगोवर मिठाचा काहीही परिणाम होत नाही. जीन्स उलटी करून गार पाण्यात दोन-तीनदा वेगळी धुतली की वरवरचा रंग निघून जातो; उपयोग तेवढ्याचाच.

त्यात आपले हवामान. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, दारे-खिडक्या लावून कूलर सुरू, खोलीतली हवा दमट. बाहेरून घामाघूम होऊन आलेला माणूस थेट सोफ्यावर बसतो. ओले कापड, अंगाची ऊब आणि घर्षण असे तिन्ही एकदम मिळते. उबेने टॉप कोट किंचित मऊ पडतो आणि रंग आत शिरायला वाट मिळते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या सीटवर हेच आणखी झपाट्याने होते. म्हणून कालचा डाग आणि दिवाळीपासूनचा डाग यांत फार अंतर आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत रंग बराचसा वर असतो.

डाग काढण्याआधी आपण कशावर हात चालवणार आहोत ते ओळखावे. सोफा उलटा करून खालच्या काळ्या कापडाच्या दोन पिना काढा आणि कव्हरची मागची बाजू पाहा. तिथे लव असलेले तंतू दिसले तर चामडे. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन, मग दुकानदाराने त्याला काहीही नाव दिलेले असो. अनेक सोफ्यांत बसायची जागा आणि हात चामड्याचे, पाठ आणि बाजू रेक्झिनच्या असतात, तेव्हा दोन्हीकडे पाहावे. चामडे निघाले तर नजरेआडच्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मिनिटभर तसाच राहिला तर वर रंगाचा थर आणि टॉप कोट आहे. घरातले बहुतेक सोफे असेच असतात. थेंब जिरून जागा काळपट झाली तर ते ॲनिलीन, म्हणजे वर आवरण नसलेले चामडे. त्यावर घरी प्रयोग नकोत. तिथे निळा रंग तंतूंत उतरलेला असतो आणि तो काढायला गेलो की चामड्याचा स्वतःचा रंगही येतो. मखमलीसारख्या लव असलेल्या नुबक किंवा स्वेडवर पाणीही नको. कोरडा मऊ ब्रश आणि पांढरा खोडरबर हलक्या हाताने, इतकेच.

टॉप कोटच्या चामड्याची पद्धत सांगतो. अर्धा लिटर कोमट पाणी घ्या, आरओचे असेल तर बरे, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग मागे राहतात. त्यात एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, लोकरी कपड्यांचे सौम्य लिक्विड किंवा लहान मुलांचा शाम्पू घाला. आधी सोफा कोरड्या फडक्याने पुसून टाक्यांतली आणि पाइपिंगमधली धूळ काढा. धूळ राहिली तर घासताना तीच ओरखडे पाडते. मागच्या कोपऱ्यात मिश्रण लावून पांढऱ्या सुती फडक्याने पुसा. फडक्यावर सोफ्याचाच रंग आला तर तिथेच थांबा. नाही आला तर स्पंज मिश्रणात बुडवून घट्ट पिळा, पुन्हा पुन्हा दाबून फेस करा आणि फक्त फेस वापरा. पाणी टाक्यांतून फोममध्ये गेले की पावसाळ्यात कुबट वास येतो, तो काही केल्या जात नाही.

वीतभर जागा घ्यावी. दाढीच्या ब्रशइतक्या मऊ ब्रशने बाहेरून आत असे हलके गोल फिरवायचे, पाच-सहा वेळा, बस. लगेच पांढऱ्या फडक्याने फेस उचलून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी फडक्याची घडी बदलायची. त्याच निळ्या घडीने पुन्हा पुसणे म्हणजे काढलेला रंग परत लावणे. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसून अर्धा तास पंख्याखाली वाळू द्या. ओल्या चामड्यावर डाग गडद दिसतो, माणूस घाबरून जोर लावतो, आणि बहुतेक नुकसान इथेच होते. वाळल्यावर पाहा आणि पुन्हा करा. फडक्यावर निळे येणे थांबले की या मिश्रणाचे काम संपले. आणखी घासून काही निघत नाही. डाग गेला तरी तो अख्खा तुकडा टाक्यापासून टाक्यापर्यंत फेसाने एकदा पुसून घ्या, नाहीतर मधेच स्वच्छ गोल उमटतो.

उरलेल्या फिकट सावलीसाठी रंगाच्या डागांचा खास लेदर क्लीनर मिळतो. तो न मिळाल्यास औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तितकेच पाणी. हे फडक्यावर घ्यायचे नाही, इअर बडवर घ्यायचे. दहा सेकंद हलके फिरवून लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि दर वेळी नवा बड घ्या. बडकडे डोळे लावून बसावे: निळा येतो तोवर ठीक, त्यात सोफ्याचा क्रीम किंवा पांढरा रंग मिसळू लागला की डाग कितीही उरला असो, हात उचला. फिकट निळी सावली असलेला सोफा दहा वर्षे टिकतो, रंग उतरलेला टिकत नाही. क्रीम किंवा कंडिशनर अगदी शेवटी, डाग निघाल्यावर. डागावरच क्रीम चोळले तर रंग पसरतो. खोबरेल तर कधीच नको. काळपट धब्बे पडतात आणि वास धरतो.

रेक्झिनची गोष्ट निराळी आणि खरे सांगायचे तर निराशेची. पीव्हीसी रेक्झिन मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते आणि परका रंग त्यात ओढला जातो. काही दिवसांतच तो इतका खोल जातो की वरून पुसून येत नाही. त्याच दिवशी साबणाच्या फेसाने आणि पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने गेला तर गेला. जोराचे विद्रावक वापरले तर प्लॅस्टिसायझर निघून रेक्झिन कडक होते आणि तडकते. पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, रेक्झिनला दमट हवाच पुरते; त्याचे पापुद्रे आपोआप निघतात, घासल्याने लवकर निघतात.

काहीच जमले नाही तर चामडे पुन्हा रंगवता येते. पण उरलेल्या निळ्यावर थेट पांढरा मारून घेऊ नका. काही आठवड्यांत निळा खालून वर येतो. कारागिराने आधी जुना थर ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून, साफ करून, सीलर, म्हणजे खालचा रंग अडवणारा थर, मारला पाहिजे. मग पाण्यातल्या रंगाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात वाळवून, आणि वर टॉप कोट. एका जाड हातात काम उरकणाऱ्याचा रंग घडीवर तडकणारच. चोवीस तास बसायचे नाही. मेच्या उन्हात रंग स्पंजवरच वाळून पट्टे उठतात, भर पावसाळ्यात टॉप कोट वाळायला वेळ घेतो. हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

पर्स आणि बॅगेला डाग पडतो तो जीन्सला घासणाऱ्या मागच्या बाजूवर. पद्धत तीच, फेस त्याहून कमी. आत पांढरे कोरे कागद भरून आकार धरून ठेवा, पितळी कड्या टेपने झाका, कडेच्या रंगावर ब्रश नेऊ नका. तपकिरी, न रंगवलेल्या चामड्याच्या हँडलला पाणी लागले की गडद डाग राहतो, ते वगळा. कपाटात पांढरी पर्स लाल किंवा काळ्या पर्सला चिकटून ठेवू नका, छापील पिशवीत घालू नका, जुन्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळा. आणि आपला अंकही पांढऱ्या सोफ्यावर पसरून ठेवू नये. वर्तमानपत्राची शाई कागदात शोषली जाते, पूर्ण सुकत नाही, म्हणून ती बोटांना लागते आणि सोफ्यालाही. धुळवडीचा कोरडा रंग सांडला तर ओले फडके मुळीच नको. आधी व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने उचला.

रंग लागूच नये यासाठी बसायच्या जागी आणि हातांवर दर तीन-चार महिन्यांनी लेदर प्रोटेक्टरचा पातळ हात द्यावा. मग रंग त्यावर बसतो आणि फेसाने निघतो. उन्हाळ्यात त्यावर धुतलेली पांढरी सुती चादर टाकली तरी पुष्कळ. रंगीत चादर टाकाल तर जीन्सऐवजी चादरीचा डाग काढत बसाल.

शेवटी एक मागणी. नागपुरात सीताबर्डीपासून सदर भागापर्यंतच्या फर्निचर दुकानांत ‘लेदर फिनिश’, ‘लेदरेट’, ‘इम्पोर्टेड लेदर’ असे काहीही सांगून सोफा विकला जातो आणि बिलावर नुसते ‘सोफा सेट, ३+१+१’ एवढेच लिहिलेले असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूच्या गुणवत्तेची आणि दर्जाची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानतो. तेव्हा बसायची जागा, पाठ आणि बाजू यांना नेमके काय लावले आहे, चामडे, पीयू की पीव्हीसी, आणि चामडे असेल तर त्यावर टॉप कोट आहे की नाही, हे दुकानदाराने बिलावर लिहून द्यावे आणि ग्राहकाने ते लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लिहून दिलेले आणि मिळालेले यांत फरक निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपल्या सदरातही उपाय छापताना तो कोणत्या पृष्ठभागासाठी आहे, ही एक ओळ जोडावी, ही विनंती.

कळावे,

आपले,
लेदर दुरुस्ती व रंगकाम करणारे काही कारागीर,
नागपूर