तो काका कुठे बघतोय?

मा. संपादक,
स. न.

खरी माणसं आणि कार्टून पात्रं एकत्र असलेल्या नव्या कौटुंबिक चित्रपटाचं परीक्षण आपल्या पुरवणीत वाचलं. ‘बच्चेकंपनीला आवडेल’ एवढ्यावर परीक्षकांनी काम भागवलंय. आमच्या घरची बच्चेकंपनी म्हणजे सात वर्षांची नात. मध्यंतराच्या आधीच तिने मला कोपराने ढोसून विचारलं, “आजी, तो काका खारीशी बोलतोय ना? मग तिच्या डोक्यावर काय बघतोय?”

बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तरी हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं! चित्रीकरणाच्या वेळी नटासमोर कार्टून खार नसतेच, ती नंतर दृश्यात घातली जाते. नजर नेमकी तिच्या उंचीवर थांबली नाही की पुढची मेहनत पाण्यात. बरं, खारीच्या पायाखाली बऱ्याच ठिकाणी सावलीच नाही. खारबाई गालिच्यावर उभ्या आहेत की तरंगताहेत, कळेना.

घरी तिला अशीच खरी माणसं आणि कार्टून एकत्र असलेला १९८८चा ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ दाखवला. (त्यातला न्यायाधीश भयंकर आहे. ते प्रसंग मी पुढे पळवले, निम्मे स्वतःसाठीच.) एका प्रसंगात नट बॉब हॉस्किन्स आणि रॉजर हा कार्टून ससा एकाच बेडीत अडकलेत. हॉस्किन्सचं डोकं टांगलेल्या दिव्यावर आपटतं, दिवा झुलायला लागतो. आता प्रत्येक झोक्याबरोबर सशाच्या अंगावरची छाया बदलायला हवी, आणि ती बदलते! एकेक चित्र हाताने काढून. दिवा स्थिर ठेवला असता तरी गोष्टीचं काही अडत नव्हतं. ॲनिमेशन दिग्दर्शक रिचर्ड विल्यम्स आणि त्यांच्या चित्रकारांनी ते दुखणं अंगावर घेतलं. सशाला आवाज देणारे चार्ल्स फ्लायशर तर सशाचा पोशाख चढवून कॅमेऱ्याबाहेरून संवाद म्हणत. हॉस्किन्सना निदान उत्तर देणारं कोणी मिळालं.

नातीला यातलं काही सांगितलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर ती बॅटरी घेऊन बाहुलीसमोर हलवत बसली, भिंतीवरची सावली बघत.

परीक्षणात गाण्यांना, कपड्यांना जागा मिळते. दोन ओळी नजरेला आणि सावलीलाही द्या, एवढीच विनंती. नव्या चित्रपटाला आमच्याकडून पाचपैकी दोन तारे. दोन्ही खारीच्या शेपटीला, असं नातीने बजावून सांगितलंय.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका