कपाटाची पाठ

चिपळूण,
शुक्रवार रात्र

चि. प्राजू,
अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवून दिलास त्याला आज चार दिवस झाले. आई म्हणते, तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच निस्तरा. दोनदा तुझा नंबर काढला आणि फोन परत खिशात टाकला. बोलायला लागलो की माझी गाडी आधी कपाटावर जाते आणि मग माणसावर येते, म्हणून लिहायला बसलोय. कपाटाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

आधी हे, की 'भुशाचे खेळ' असं मी म्हणायला नको होतं. पार्टिकल बोर्ड भुश्याचाच असतो हे खरं, पण तुझ्या चार महिन्यांच्या खटपटीला तो शब्द लावायचा नव्हता. शेजारी बंगळूरला गेले, त्यांनी टाकून दिलेल्या सामानातून तू अर्ध घर उभं केलंस. ती चौकोनी खणांची मांडणी आडवी घालून बाल्कनीत बाक केलास, खाली चपला, वर गादी. आईने तो फोटो पाहून मला विचारलं, "आपल्या ओटीवर असं का नाही सुचलं तुम्हाला?" मी काय सांगणार? आमच्या धंद्यात मांडणी म्हणजे मांडणी, बाक म्हणजे बाक.

दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचं ते छोटं टेबल माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आयकियाचं, ५५ बाय ५५ सेंटीमीटरचं, तू म्हणालीस पाय कापून ओवीच्या उंचीला आणून द्या. मी नेहमीच्या सवयीने करवतीला जोर लावला आणि ती लोण्यात सुरी जावी तशी आरपार गेली. आत बघतो तर पोकळ! वरच्या टोकाला स्क्रूपुरता ठोकळा, बाकी चार पातळ भिंती. वरचा पाट तू वाटीएवढा कापलास तर आत मधमाशांच्या पोळ्यासारखा पुठ्ठा. चाळीस वर्षं लाकूड कापलं, पण कागदावर उभं राहणारं टेबल पहिल्यांदा पाहिलं. तुला हसू आवरेना. मग मी पिशवीतला सागाचा तुकडा काढून पटाशीने चार ठोकळे ताशीत बसलो, पायांच्या उघड्या तोंडांत फेविकॉल लावून ठोकले, आणि तू त्या भोकात स्टीलचं पातेलं बसवून ओवीचं भातुकलीचं सिंक केलंस. पातेल्याच्या काठाने कापलेली कड बरोबर झाकली. ते मला सुचलं नसतं. तेव्हा तोंडाने म्हणालो नव्हतो, आता लिहून देतो.

सैल झालेल्या भोकात आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून पुन्हा स्क्रू पिळायचा, हे मात्र तू कुणा बाईच्या व्हिडिओत शिकलीस म्हणालीस, ते लागलं. अगं, दुकानात माझ्या मांडीला मांडी लावून तू काड्यांची गुलं मोडून द्यायचीस. असो.

आता त्या फळ्याबद्दल. ओवीचा फळा सुरेख झालाय. पण तो फळा कपाटाची पाठ आहे, प्राजू. तुझ्या व्हिडिओत त्याच्या कडेची खिळ्यांची भोकं दिसली आणि माझा घास घशात अडकला. ती पातळ शीट दिसायला रद्दी. खोके जोडणारी मंडळी शेवटी कंटाळून कशीतरी ठोकतात. पण कपाट काटकोनात धरते ती तीच. ती काढलीस की उरतात दोन बाजू आणि एक डोकं. बाजूने ढकललं की पत्त्यांच्या घरासारखं कलतं. आणि त्यात खालचे तीन ड्रॉवर काढून, चाकं लावून पलंगाखाली सरकवलेस. युक्ती झकास आहे, नाकारत नाही. पण कपाटाचं खालचं वजन गेलं. वर राहिले दोन ड्रॉवर, त्यांत निखिलरावांच्या फायली, इस्त्री आणि देव जाणे काय. खाली मोकळं घर, आणि त्या घरात ओवी बसणार.

बघ, लिहायचं नाही म्हणता म्हणता लिहिलंच. रागावू नकोस. एवढंच सांग, ते भिंतीला बांधलंस का?

ओंकारने परवा मोबाइलवर वाचून दाखवलं. अमेरिकेत जून २०१६ मध्ये जवळजवळ २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली होती. भिंतीला न बांधलेली कपाटं लहान मुलांवर पडली म्हणून. मला त्यासाठी अमेरिका लागत नाही. ड्रॉवर बाहेर ओढला की वजन पुढच्या पायांच्या पुढे येतं, आणि त्यावर पोराने पाय दिला की ती पहार झाली.

आईची शिवणाची बटणं असायची ते माजघरातलं कपाट तुला माहीत आहे. त्याच्या डोक्यावरच्या लोखंडी पट्टीला आम्ही कालनिर्णय अडकवतो. ती पट्टी कालनिर्णयासाठी नाही. तू पावणेदोन वर्षांची होतीस. खालचा ड्रॉवर ओढून त्यात उभी राहिलीस, वरच्याला लोंबकळलीस आणि अख्खं कपाट पुढे आलं. मी मागच्या दारी रंधा मारत होतो. आवाज झाला तेव्हा मला वाटलं पाट पडला. पलंगाची कड मध्ये आली म्हणून कपाट तिथेच अडलं, आणि तू खालच्या तिकोनी फटीत बसून बटणं गोळा करत होतीस. रडलीसुद्धा नाहीस. आई माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. ते कपाट भुश्याचं नव्हतं गं. साग होता, सांधे माझ्या हातचे, एकही ढिला नव्हता. माल वाईट म्हणून पडलं असं म्हणायची सोय मला नाही. पट्टी त्याच संध्याकाळी ठोकली. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तू म्हणतेस घरमालक भोकं पाडू देत नाही, डिपॉझिट कापेल. कापू दे. दोन भोकांना पुट्टीचं एक पाकीट लागतं, सोडताना भरून टाक, मी येऊन रंग लावतो. एक बघ मात्र, ड्रिल मारल्यावर भुकटी लाल आली तर वीट, पांढरट करडी आली तर हलका ब्लॉक. तुमच्या नव्या इमारतीत बहुतेक ब्लॉकच असेल. त्यात नेहमीचा छोटा प्लग दोन महिन्यांत हातात येतो, लांब नायलॉनचा प्लग माग. आणि कपाटाच्या बाजूने स्क्रू डोक्याच्या पाटात मारताना बोर्डाच्या कडेत मारू नकोस, चिरतो. पाठीऐवजी सहा एमएमचं प्लाय लाव, फळा ओवीकडेच राहू दे.

पुन्हा शिकवायला लागलो. तुला शिकवायची गरज किती आहे हे मला २२ जुलै २०२१ नंतरच कळलं होतं. पूर ओसरला, रस्त्यावर दोन्ही बाजूंना फुगलेल्या कपाटांचे ढीग, चहात बुडवलेल्या बटरासारखे. माझं डोकं बधिर झालं होतं, फणसाच्या फळ्या धुवून उभ्या करण्यापलीकडे काही सुचत नव्हतं. आणि तू गमबूट घालून ढिगाढिगात फिरत ड्रॉवर सरकायचे चॅनेल, बिजागऱ्या, मुठी सोडवून घमेल्यात जमवत होतीस. मी ओरडलो, "भंगार कशाला आणतेस?" ओल्या दुकानातली पहिली मांडणी त्याच भंगारातून उभी राहिली. तिसरा ड्रॉवर अजून कुरकुरतो, पण मी चॅनेल बदलत नाही.

तू मला ती स्वीडनची गोष्ट सांगितली होतीस ना, १९५६ ची, आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने टेबल गाडीत मावेना म्हणून पाय काढले. मी आईला सांगितली तर म्हणते, मामंजींचा पलंग काय अखंड आला होता होडीतून? पाचरी काढल्या, चार माणसांनी खांद्यावर आणला, पाचरी ठोकल्या. तिचं म्हणणं, फक्त कागदावर चित्रं काढून द्यायचं आपल्याला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात मांडवीने पनवेलला उतरतो. ड्रिल माझं आणतो, तुझ्या इमारतीतल्या माणसाचं नको. तोवर ते वरचे दोन ड्रॉवर रिकामे कर, फायली जमिनीवर राहू देत, आणि खालच्या घरात ओवीला बसवू नकोस. हे एवढं ऐक. बाकीचं भांडण मी आलो की करू.

निखिलरावांना आशीर्वाद, ओवीला पापा.

तुझे बाबा

ता. क. आईने आमसुलं आणि कुळथाचं पीठ दिलंय. पिठाच्या डब्याखाली कागदात दोन लोखंडी अँगल आहेत, वजनाने डबा जड लागेल, उघडताना सांभाळ. स्क्रू आठ लागतात, दहा घातलेत.