गल्लीतला धडा

संपादक महोदय,

क्राव्ह मागा या स्वसंरक्षणाच्या पद्धतीच्या जाहिरातींत हल्ली काळे कपडे आणि आरडाओरडाच जास्त दिसतो. ही पद्धत घडवणारे इमी लिख्टेनफेल्ड यांची गोष्ट शिकवणाऱ्यांना तरी ठाऊक असते का, कोण जाणे. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हा (आता स्लोव्हाकियात) शहरातल्या ज्यू वस्तीवर फॅसिस्ट टोळ्या चालून यायच्या. इमी तेव्हा नावाजलेले कुस्तीगीर आणि मुष्टियोद्धे. पण आखाड्यातला डाव गल्लीत चालत नाही. तिथे पंच नसतो आणि समोर एकच गडीही नसतो, हे त्यांना भररस्त्यात कळले. मग त्यांनी शरीराच्या उपजत हालचालींवरच भर दिला. गळा धरला की आपले हात आपसूक मानेकडे जातात ना? त्याच झटक्यात हल्लेखोराचे हात खेचून काढायचे आणि लगेच प्रतिहल्ला. इतके साधे, पण घाम गाळल्याशिवाय न येणारे. पुढे ते इस्रायली सैन्यात मुख्य प्रशिक्षक झाले आणि निवृत्तीनंतर सामान्य नागरिकांनाही शिकवू लागले.

आता दोन दिवसांच्या शिबिरात (तेही चहापाण्यासकट!) प्रमाणपत्र मिळते. संधी मिळताच पळ काढा, हे मात्र तिथे क्वचितच कोणी सांगतो. पळणाऱ्याचा फोटो जाहिरातीत शोभत नसावा.

– एक वाचक