नाव सोडून बाकी सांगा : एका समाजसेवा अधीक्षक ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आपण या महिनाअखेरीस सेवानिवृत्त होत आहात असे कळले, तेव्हा ऑगस्ट 2019 पासून राहून गेलेले हे पत्र आता तरी लिहावे असे ठरवले.

त्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 57 फुटांवर गेली होती. आईला शेजाऱ्यांबरोबर बोटीतून बाहेर काढल्याचे मला विट्यात फोनवर समजले आणि मग तो फोनही बंद झाला. निवारा केंद्रात तिला ताप भरला, कोणीतरी रुग्णवाहिकेतून पाठवले, पण कोठे, ते कोणालाच सांगता येईना. तासगावमार्गे मिरजेत येऊन मी रुग्णालये पालथी घातली, तर दोन ठिकाणी खिडकीतूनच "या नावाचा पेशंट नाही" एवढे ऐकायला मिळाले. त्यांना तरी काय म्हणणार, माझ्यामागे मोठी रांग होती.

आपल्या रुग्णालयात आपण मात्र मला बसवून घेतलेत आणि म्हणालात, "नाव राहू द्या, बाकी सांगा." अंगावर लुगडे की साडी, गोंदण कोणत्या हातावर, गोळ्या कसल्या चालू आहेत, बोट कोठे लागली. सख्ख्या आईचे गोंदण उजव्या हातावर की डाव्या, हे मला बहिणीला फोन करून विचारावे लागले, याची लाज अजून वाटते. आपल्यासमोर कोपरे ओले होऊन फुगलेली एक वही होती आणि सोबत कोणी नसलेल्या प्रत्येक रुग्णाची अशी माहिती आपण तीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली होती. शेजारच्या गृहस्थांनी ते पान व्हॉट्सॲपवर टाकण्यासाठी मोबाईल पुढे केला, तेव्हा आपण वही शांतपणे मिटलीत.

मग आपण विचारलेत, "आईंचे माहेरचे नाव काय?" मी सांगितले आणि आपण दोन पाने मागे गेलात. तापाच्या ग्लानीत आईने लग्नाआधीचे नाव, वडिलांचे नाव आणि भिलवडी हे गाव सांगितले होते, आणि केसपेपरवर तेच चढले होते. ज्या नावाने तिला पन्नास वर्षांत कोणी हाक मारली नव्हती, त्या नावाने ती तिथे चार दिवस होती. तरीही आपण मला लगेच आत सोडले नाहीत, आधी स्वतः जाऊन तिला "विट्याला कोण असतं?" असे विचारून आलात. त्या दोन मिनिटांचा तेव्हा राग आला होता. आज त्यांचेच आभार अधिक मानावेसे वाटतात.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढू लागले, तेव्हा आईच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी मी आधीच ठेवली होती. तीत दोन्ही नावे, साखरेच्या गोळ्या, गोंदणाची खूण आणि आमचे फोन नंबर होते.

या पत्राखाली आईनेही सही केली आहे. आपल्याला ओळख पटावी म्हणून तिने माहेरचेच नाव लिहिले आहे.

आपला ऋणी,
विट्याचा मुलगा